सम आकडे टेकूचे

रिकाम्या घराला एक आवाज असतो. हे कुणाला पटवून द्यायच्या भानगडीत मी पडत नाही, पण तेवीस वर्षं याच आवाजावर पोट भरलंय, तेव्हा माझं ऐका. दारावर दोनदा टकटक करायची. उघडलं तर चुकीच्या पत्त्यावर आलो म्हणून हसायचं आणि जिना उतरायचा. नाही उघडलं तर दाराला कपाळ टेकायचं, श्वास रोखायचा आणि थांबायचं. कान लावायचा नाही. कानाला फ्रिज ऐकू येतो, नळ ऐकू येतो, वरच्या मजल्यावरचं नवराबायकोचं भांडण ऐकू येतं आणि माणूस नको तिथे रमतो. कपाळाला एवढंच कळतं, आत कुणी आहे की नाही. झोपलेलं असो, आजारी असो, श्वास धरून बसलेलं असो, कळतं.

ही विद्या माझी नाही, टेकूची.

टेकू माझा लहानपणचा दोस्त. एकाच इमारतीत, तो दुसऱ्या मजल्यावर, मी तळमजल्यावर. दाराला कपाळ टेकायच्या सवयीवरून मी त्याला टेकू म्हणायला लागलो, आणि मी कुठल्याही फटीतून आत शिरायचो म्हणून त्याने मला उंदीर केलं. शाळा सुटल्यापासून घरचे कामावरून येईपर्यंत आम्ही मोकाट. कोण जादा किल्ली कुठे ठेवतं ते आम्हाला पाठ होतं. पायपुसण्याखाली, कुंडीत, मीटरच्या पेटीमागे. टेकूने कपाळ टेकून ‘रिकामं’ म्हटलं की आत जायचं. चोरायचं काही नाही. बसायचं, मोठ्याने शंभरपर्यंत मोजायचं, विषम आकडे माझे, सम टेकूचे, आणि निघताना एक खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवायची. झाला खेळ. संध्याकाळी जिन्यात बायका एकमेकींना विचारायच्या, अगं, आमची खुर्ची कुणी फिरवली, आणि आम्ही पोट धरून हसायचो.

पुढे टेकू पाद्री झाला आणि मी चोर. कुठे फाटा फुटला ते मला नक्की ठाऊक आहे, पण ते ओघाने येईलच.

माझा धंदा दुपारचा. वर्तमानपत्रात निधनाच्या बातम्या येतात, त्यात अंत्यविधीची वेळ असते आणि बहुतेकदा पत्ताही. त्या वेळी घरातलं झाडून सगळं माणूस प्रार्थनामंदिरात असतं. टेकूची प्रार्थना पाऊण तास चालते, मिनिटभरही कमी नाही. तो मेलेल्याबद्दल चार चांगले शब्द बोलायचा, तोवर मी मेलेल्याचं कपाट बघायचो. लाज वाटते का? वाटते. टेकूला हे ठाऊक होतं का? त्याने कधी विचारलं नाही, मी कधी सांगितलं नाही, झाकली मूठ सव्वा लाखाची.

घरी मी आणि आई. आई पडली, खुब्याचं हाड मोडलं, आणि दवाखान्यातून घरी आणली ती पलंगाला खिळलेलीच. डोकं मात्र लख्ख. तिला वाटतं मी घड्याळं दुरुस्त करतो. मी घड्याळं घरी आणतो, त्यामुळे ते अगदीच खोटं नाही. ती एकदा म्हणाली होती, तुझ्या शर्टाला रोज वेगळ्याच घराचा वास येतो रे. मी विषय बदलला.

दुपारी दोन ते चार ती एकटी असायची. रेडिओ लावून, पाणी हाताशी ठेवून, बाहेरून कुलूप घालून मी निघायचो. मला पोलिसांची भीती वाटत नाही, देवाचीही फारशी नाही. पण त्या दोन तासांत आईला काही झालं, तोंडातून शब्द फुटेना, हात हलेना, आणि जवळ कुणी नाही, या विचाराने मी जिन्यातच थबकायचो. म्हणून ती जेव्हा म्हणाली की दुपारी एक बाई येऊन बसते, सोबत होते, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. समोरच्या दारातली शिवणकाम करणारी असणार. आमची जादा किल्ली तिच्याकडेच असते.

तर पहिलं घर एका निवृत्त शिक्षकाचं. दुसरा मजला, साधं कुलूप. टकटक केली, कपाळ टेकलं, आणि कपाळाने सांगितलं की आत कुणीतरी आहे. मी परत फिरायला हवं होतं. पण खालून मी स्वतः सगळ्यांना काळ्या कपड्यांत जाताना मोजलं होतं. म्हटलं, वय झालं, कपाळ चळलं असेल. आत गेलो. दोन खोल्या, स्वयंपाकघर, न्हाणीघर, सगळं पाहिलं. कुणी नव्हतं. जेवणाच्या टेबलाभोवती चार खुर्च्या होत्या. तीन टेबलाला लावलेल्या, चौथी भिंतीला नाक लावून उभी. मी तिच्याकडे बराच वेळ बघत राहिलो आणि काही न घेता बाहेर आलो.

योगायोग म्हणून सोडून दिलं. आठ दिवसांनी एका दवाखानेवाल्या डॉक्टरचं घर. कपाळ म्हणालं, आहे. आत चिटपाखरू नाही. दिवाणखान्यात वेताची आरामखुर्ची भिंतीकडे वळवलेली, आणि पुढच्या पायांच्या जागी गालिच्यावर ताजे खळगे, म्हणजे नुकतीच ओढली होती.

तिसऱ्या घरात मी खुर्चीच्या बैठकीवर हात ठेवला. उन्हातली नव्हती ती, आतल्या अंधाऱ्या बोळात होती. बैठक ऊबदार होती.

मी तिथून निघालो तो थेट प्रार्थनामंदिरात. विधी आटोपला होता, लोक पांगले होते. टेकू मागच्या लहानशा खोलीत झगा काढून घडी घालत होता. मी आधी दार लावलं आणि विचारलं, माझ्यामागे माणूस लावलायस का? वाईट वाटत असेल तर तोंडावर सांग, हे खुर्च्या फिरवायचे चाळे कशाला? त्याने घडी अर्धवट ठेवली. कुठल्या खुर्च्या, किती, कधी, सगळं विचारून घेतलं. तिन्ही वेळा तो शंभर माणसांसमोर उभा होता, हे मलाही समजत होतं.

“ती आपली खूण आहे, उंदरा,” तो म्हणाला. “कुणाला सांगितली होतीस?”

“नाही. तू?”

“मी ती देवालाही सांगितलेली नाही.”

दोघांच्याही डोळ्यांसमोर एकच खोली आली होती.

आम्ही अकरा वर्षांचे असताना तिसऱ्या मजल्यावर एक बाई एकट्या राहायच्या. किल्ली मीटरच्या पेटीमागे. टेकूने कपाळ टेकलं, नेहमीपेक्षा जास्त वेळ टेकलं, आणि म्हणाला, रिकामं. आत पडदे ओढलेले होते. खिडकीकडे तोंड केलेली एक उंच पाठीची खुर्ची होती. आम्ही तिच्या मागे पलंगावर बसलो आणि मोजलं. शंभर टेकूने म्हटलं. मग खूण म्हणून तीच खुर्ची फिरवायला घेतली. जड लागली. दोघांनी जोर लावून ती कशीबशी भिंतीकडे वळवली, आणि वळताना मला आधी चपला दिसल्या, मग मांडीवरचे हात, मग तोंड. बाईंचे डोळे उघडे होते. त्या आमच्याकडे बघत होत्या. छाती हलत होती. तोंड एका बाजूला ओघळलं होतं.

आम्ही पळालो. किल्ली जागच्या जागी ठेवली आणि कुणाला काही बोललो नाही. चौथ्या दिवशी दार फोडलं. डॉक्टर जिन्यात सांगत होते, मेंदूत रक्तस्राव झाला होता, पण जीव लगेच गेला नाही, दोन दिवस तरी होत्या. आणि बायका एकमेकींना विचारत होत्या, पण बाई भिंतीकडे तोंड करून का बसल्या असतील?

फाटा फुटला तो इथे. टेकू त्यानंतर रिकाम्या घरात कधी गेला नाही. मी रिकाम्या घराबाहेर कधी पडलोच नाही.

“मी रिकामं म्हणालो होतो,” टेकू आता म्हणाला.

“चुकलास. पोर होतास.”

“नाही रे. तेच तर सांगतोय. आजही डोळे मिटले की ते दार कपाळाला लागतं. आत कुणी नव्हतं.”

मला त्याचा राग आला. तीस वर्षांनीही स्वतःचं खरं करायचं म्हणजे काय. घरी आलो तेव्हा साडेचार वाजून गेले होते. आई जागी होती, रेडिओ पुटपुटत होता, आणि पलंगाशेजारची लाकडी खुर्ची भिंतीकडे तोंड करून उभी होती.

ती तशी मी आधीही पाहिली होती, हे मला तेव्हा आठवलं. झाडणारीने सरकवली असेल म्हणून रोज सरळ करत होतो.

ही कुणी फिरवली, मी शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं. आई म्हणाली, ती बाई तशीच बसते, माझ्याकडे पाठ करून. लाजाळू असेल बापडी. मी समोरचं दार वाजवलं. शिवणकामवालीची सून बाहेर आली. सासूबाई दोन महिने लेकीकडे आहेत, आणि किल्ली ही काय, खिळ्यालाच लटकलीय. मी किल्लीला हात लावून पाहिला. धुळीत बोट उमटलं.

परत येऊन आईच्या पायाशी बसलो.

“काय बोलते गं ती?”

“बोलत नाही काही. रोज तीनला येते, एक आकडा म्हणते आणि थांबून राहते, पुढचा कुणीतरी म्हणावा म्हणून. इतकी थांबते की मलाच राहवत नाही. मग मी म्हणते. मग जाते.”

“आज कितवा होता?”

“आज ती सत्त्याण्णव म्हणाली, मी अठ्ठ्याण्णव म्हटलं.” आईने पांघरूण नीट केलं. “एकापासून सुरुवात आहे, राजा. सात आठवडे झाले. उद्या शंभर होतील आणि सुटेल बिचारी.”

आईला घरी आणून त्या दिवशी बरोबर सात आठवडे झाले होते. तिने विषम आकडे एकदाही म्हटले नव्हते. ते बाई म्हणत होती.

मी न्हाणीघरात जाऊन टेकूला फोन लावला. उद्या आईने शंभर म्हटलं तर काय होईल ते मला ठाऊक नव्हतं, पण शंभर झाल्यावर आम्ही काय करायचो ते पक्कं ठाऊक होतं. आईला उचलून कुठे नेणार? आणि जिला कुलूप अडवत नाही, तिला पत्ता काय अडवणार? टेकूने सगळं ऐकून घेतलं.

“शंभर माझा असतो,” तो म्हणाला. “काकूंना म्हणू देऊ नकोस. मी येतो.”

दुसऱ्या दिवशी अडीचला जिन्यात पावलं वाजली, पण टकटक काही होईना. मी दार उघडलं. टेकू डोळे मिटून, कपाळ पुढे काढून उभा होता. कपाळावर दाराच्या नक्षीचा लाल वळ उमटला होता.

“आत किती जण आहात?”

“मी आणि आई.”

“तीन आहेत,” तो म्हणाला आणि चपला काढून आत आला.

आईला त्याला बघून कोण आनंद झाला. किती वाळलास, तुझ्या देवाकडे जेवायला मिळत नाही का, असं बरंच काही. तो हसला. मी तिला आधीच बजावलं होतं की आज काही म्हणायचं नाही, टेकू म्हणेल. ती म्हणाली, कुणीही म्हणा, तिला ताटकळत ठेवू नका म्हणजे झालं.

मी खुर्ची पलंगाकडे तोंड करून ठेवली. टेकू पलंगाच्या कडेवर, खुर्चीच्या समोर बसला. मी आईच्या उशाशी. मी खुर्चीवरून नजर हलवायची नाही असं ठरवलं होतं. तीनला मिनिट कमी असताना रेडिओवरचं गाणं मध्येच थांबलं.

“आली,” आई म्हणाली.

मी क्षणभर आईकडे पाहिलं. परत वळलो तेव्हा खुर्ची भिंतीकडे तोंड करून होती. सरकल्याचा आवाज झाला नव्हता.

खोलीत आम्हा तिघांचा श्वास ऐकू येत होता. मग मी मोजले. तिघांपेक्षा जास्त होते.

टेकूची मान किंचित कलली, कुणी हळू बोलत असल्यासारखी. मला काही ऐकू आलं नाही. आईला आलं असावं, कारण तिने सवयीने तोंड उघडलं. मी तिच्या तोंडावर हात ठेवला.

“आम्ही दोघं होतो, बाई,” टेकू खुर्चीच्या पाठीला म्हणाला. “आम्ही तुम्हाला पाहिलं होतं.”

त्याने माझ्याकडे बघितलं. मला समजलं त्याला काय हवंय. मी मान खाली घातली.

“शंभर,” टेकू म्हणाला.

रेडिओ पुन्हा गायला लागला. आई म्हणाली, गेली गं बाई. टेकूने उठून खुर्ची सरळ केली, आईचं पांघरूण नीट केलं, मी केलेला चहा बशीत ओतून शांतपणे प्यायला. मी त्याला दारापर्यंत सोडायला गेलो.

“नव्याण्णव तुझा होता, उंदरा,” तो चपला घालताना म्हणाला. रागाने नाही. “तू म्हणायला हवा होतास.”

ते त्याचं माझ्याशी शेवटचं बोलणं.

चौथ्या दिवशी एका अंत्यविधीला तो पोचला नाही. लोक त्याच्या खोलीवर गेले, आतली कडी तोडावी लागली. तो खुर्चीत बसला होता, भिंतीकडे तोंड करून, डोळे उघडे, जिवंत. डॉक्टरांच्या अंदाजाने दोन दिवस तसाच होता. खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

मी धंदा सोडला. खरोखरच घड्याळं दुरुस्त करतो आता, आईच्या खोलीत, तिच्या डोळ्यांसमोर. ती म्हणते, बाई आता येत नाही, बरी झाली असेल. टेकूला बघायला जायला मात्र माझा पाय उचलेना. आज जातो, उद्या जातो करत दिवस गेले. शेवटी परवा शिवणकामवालीला आईजवळ बसवलं आणि शुश्रूषागृहात गेलो.

लांबच लांब बोळ, औषधांचा वास, शेवटची खोली. दाराशी पोचल्यावर हात वर गेला तो टकटक करायला, पण आधी कपाळच टेकलं गेलं. जुनी खोड.

आत कुणी नव्हतं. इतकं रिकामं दार माझ्या कपाळाला जन्मात लागलं नव्हतं. मला वाटलं, त्याला तपासणीला नेलं असेल. दार ढकललं.

टेकू समोर खुर्चीत बसला होता. तोंड दाराकडे, हात मांडीवर, छाती हलत होती. मी त्याचा हात हातात घेतला. ऊबदार होता.

टेकू तेव्हा चुकला नव्हता.

मी रडलो. त्याला उंदीर आलाय म्हणून सांगितलं, आई आठवण काढते म्हणून सांगितलं, चुकलो म्हणून सांगितलं. त्याची पापणीही हलली नाही. नर्स औषध घेऊन आली, जाड, हसरी बाई. म्हणाली, बोलत नाहीत हो एरवी, दुपारी तीनला तेवढे आकडे म्हणतात, तुमच्या मुलाबरोबर.

“माझ्या मुलाबरोबर?”

“येतो ना रोज. तोंडावळा अगदी तुमचाच. एक आकडा तो म्हणतो, एक हे म्हणतात. काल चौऱ्याण्णव झाले.” तिने टेकूची मान खुर्चीतल्या उशीवर नीट टेकवली. “गुणी आहे पोरगा, पण एक खोड आहे त्याला. आम्ही खुर्ची सरळ करतो आणि तो जाताना भिंतीकडे फिरवून जातो.”

ती गेली. मला मूलबाळ नाही, हे मी तिला सांगितलं नाही.

भिंतीवरच्या घड्याळात तीनला मिनिट कमी होतं. मी टेकूसमोर गुडघ्यांवर बसलो. पुढचा आकडा माझा होता, आणि या वेळी मी तो म्हणणार होतो. मी तोंड उघडलं.

“पंच्याण्णव,” माझ्या मागून कुणीतरी म्हणालं.

“शहाण्णव,” टेकू म्हणाला. तो माझ्याकडे बघत नव्हता. माझ्या खांद्यावरून मागे बघत होता, साधारण अकरा वर्षांच्या मुलाच्या उंचीवर.